खरा वाटणारा वाघ: खेळण्यातली जंगली जनावरं निवडायची, सुधारायची आणि जपायची कशी

आठवडी बाजारात खेळण्यांच्या पालावर जनावरांची पिशवी टांगलेली असते. आत सिंह, जिराफ, झेब्रा, हत्ती, हरीण आणि वाघ, सगळे एकाच उंचीचे. वाघाच्या पाठीवर सहा काळ्या रेघा मारल्या की कारखान्याच्या दृष्टीनं तो वाघ झाला. लहान पोट्ट्यांना तेवढं पुरतं. पण ज्याला वन्यजीवांची आवड आहे आणि कपाटात ठेवायला खऱ्यासारखं जनावर हवं आहे, त्याची मात्र अडचण होते. बाहेरच्या देशांतून येणारी चांगली मॉडेलं महाग, आणि गावात बसून ती हाताळून बघता येत नाहीत.

तरी या छंदात आपलं एक भांडवल आहे. ताडोबा, पेंच, मेळघाट, नवेगाव-नागझिरा, बोर, टिपेश्वर, उमरेड-कऱ्हांडला, यातलं एखादं जंगल विदर्भातल्या आपल्यापैकी पुष्कळांच्या शिवाराला लागून आहे. रोही, म्हणजे नीलगाय, वावरात शिरून तूर खातो, रानडुकरं धान लोळवतात, चितळांचा कळप रस्ता ओलांडताना एसटी थांबते. जनावर उभं कसं राहतं, मान कशी टाकतं, चालताना खांदा कसा हलतो हे आपण फुकट पाहिलेलं असतं. मॉडेल पारखताना तेच कामी येतं. माझा नियम एकच आहे: आधी बांधा बघा, रंग नंतर. रंग घरी बदलता येतो, बांधा नाही.

प्रमाण ठरवून घ्या

पहिलं मॉडेल घ्यायच्या आधीच हे करा, नाहीतर दहा जनावरं जमल्यावर लक्षात येतं की रानकुत्रा गव्याच्या खांद्याला लागतो आहे. मोठ्या प्राण्यांसाठी एकास वीस हे प्रमाण सोयीचं पडतं, म्हणजे खऱ्या उंचीचा विसावा भाग. वाघाची खांद्यापर्यंतची उंची साधारण एक मीटर, म्हणून मॉडेल ५ सेंटिमीटर. गव्याचा पूर्ण वाढलेला नर १७० ते १९० सेंटिमीटर, म्हणजे मॉडेल साडेआठ ते साडेनऊ. रोह्याचा नर साडेसहा-सातच्या आसपास, चितळाचा नर साडेचार, रानकुत्रा अडीच. चितळ आणि वाघ खांद्याला जवळपास सारखेच येतात हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. वाघ मोठा दिसतो तो लांबीमुळे आणि भरदार छातीमुळे.

मोजायचं ते जमिनीपासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत. डोकं, शिंगं किंवा शेपटी धरून मोजू नका. ऑनलाइन दुकानात दिलेली लांबी बहुतेकदा नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची असते, तिच्यावरून प्रमाण कळत नाही. अशा वेळी बाजूनं काढलेला फोटो मोबाइलवर मोठा करा, पट्टीनं लांबी आणि खांद्याची उंची मोजा आणि त्रैराशिक मांडा.

मोठ्या कंपन्याही प्रमाण काटेकोर पाळत नाहीत. हत्तीला लहान करतात, कोल्ह्याला मोठा करतात, कारण त्यांना डब्याचा आणि किमतीचा हिशेब असतो. त्यामुळे एकाच कंपनीचं सगळं घेतलं तरी प्रमाण जुळेलच असं नाही. थोडाफार फरक सोडून द्या. मी अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत चालवून घेतो.

बांधा तपासायचा कसा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मॉडेल हातात असेल तर रंगाकडे काणाडोळा करून नुसता आकार बघा. उजेडासमोर धरून सावली पाडली तर आणखी चांगलं. सावलीत रंग नसतो, त्यामुळे फसवणूकही नसते. सावलीवरून जनावर ओळखू आलं तर निम्मं काम झालं.

मग पाय. चार पायांचं जनावर संथ चालतं तेव्हा मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा अशा क्रमानं पाय पडतात. आपल्या बैलाला बंडीविना चालताना बघा, लगेच कळेल. स्वस्त खेळण्यांत समोरासमोरचे तिरपे पाय एकत्र उचललेले असतात. ती दुडक्या चालीची ढब आहे. मान खाली टाकून शांतपणे चाललेल्या वाघाला तसे पाय दिले की कुठंतरी खटकतं, कारण मात्र सांगता येत नाही.

वाघ आणि बिबट चालताना नखं आत ओढून घेतात. चालत्या किंवा बसलेल्या वाघाची नखं बाहेर काढून दाखवली असतील तर बनवणाऱ्यानं वाघ पाहिलेला नाही असं समजा. अस्वलाचं उलट आहे. त्याची लांब, फिकट नखं कायम बाहेर दिसलीच पाहिजेत, वारूळ उकरायचं तर त्यांच्याशिवाय होणार कसं? आपल्या अस्वलाचं तोंडही लांब आणि फिकट, अंगावर विस्कटलेले लांब केस आणि छातीवर पांढुरका व्ही. आखूड केसांचं, गोल तोंडाचं तपकिरी अस्वल मिळालं तर ते दुसऱ्या मुलखातलं.

वाघाची बाहुली गोल असते. घरच्या मांजरीसारखी उभी चीर रंगवलेली असेल तर ती चूक, पण हा रंगाचा मामला आहे, दुरुस्त होतो. कानाची मागची बाजू काळी आणि तिच्यावर ठळक पांढरा ठिपका हवा. बहुतेक खेळण्यांत तो नसतोच.

गव्यात तीन गोष्टी बघा. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत गेलेला आणि तिथे एकदम उतरलेला उंचवटा, शिंगांच्या मध्ये कपाळावर आलेला फुगवटा, आणि गुडघ्याखाली पांढरट पायमोजे. उंचवटा नसेल तर ती रंगवलेली म्हैस आहे. रोह्याचा नर निळसर राखाडी, शिंगं आखूड आणि टोकदार, गळ्याला केसांचा झुपका. मादी तपकिरी आणि बिनशिंगी. मादीला शिंगं लावलेली असतील तर ठेवून द्या.

'हरीण' म्हणून पाकिटात येतं ते पुष्कळदा युरोपातलं ठिपकेवालं हरीण असतं, ज्याची शिंगं वरच्या बाजूला तळहातासारखी पसरट होतात. आपल्या चितळाच्या नराची शिंगं बारीक, मागे झुकून वर वळलेली आणि प्रत्येकी तीन टोकांची. बिबट्याच्या बाबतीतही अशीच गफलत होते. बिबट्याची काळी वलयं आतून मोकळी असतात. वलयाच्या आत आणखी ठिपके असतील तर तो अमेरिकेतला जॅग्वार, आणि वलयच नसून नुसते भरीव ठिपके असतील तर चित्ता.

हत्ती घेताना कान आणि कपाळ बघा. आपल्या हत्तीचे कान लहान, कपाळावर दोन उंचवटे, पाठ वर फुगलेली. आफ्रिकेच्या हत्तीचे कान खांदा झाकतील एवढे मोठे आणि पाठ मध्ये खोलगट. सोंडेच्या टोकाला आपल्याकडच्याला एक बोट, तिकडच्याला दोन. इतकं बारीक मॉडेलमध्ये कोरलं असेल तर बनवणारा जाणकार आहे आणि त्याची बाकीची जनावरंही बघण्यासारखी असणार.

शेवटची चाचणी माझ्या आवडीची आहे. मॉडेल एखाद्या जुन्या गुराख्याच्या हातात द्या आणि गप्प बसा. "ह्याचे पाय मांजरावानी दिसून राह्यले ना बावा," असं तो म्हणाला की ते मॉडेल परत. जंगलात गुरं चारलेल्या माणसाइतकी नजर कुठल्याही ऑनलाइन परीक्षणाला नाही.

खरेदी

बाहेरच्या कंपन्यांत जर्मनीची श्लाइश सगळ्यांत परिचित. १९३५ मध्ये सुरू झालेली. शिवाय फ्रान्सची पापो, अमेरिकेची सफारी, आणि कलेक्टा. श्लाइशचं प्लॅस्टिक टणक आणि भरीव, खेळायला मजबूत. कलेक्टा आणि सफारीकडे कमी प्रसिद्ध प्राणी जास्त सापडतात. कंपनीचं नाव बघून घेऊ नका, एकेक मॉडेल बघून घ्या, कारण एकाच कंपनीचा वाघ सुरेख आणि बिबट्या टाकाऊ असं सर्रास होतं.

पोटाखाली किंवा पायाच्या आतल्या बाजूला कंपनीचं नाव आणि वर्ष उठवलेलं असतं. ते वर्ष सहसा साचा तयार झाल्याचं असतं, तुमचा नग त्या वर्षी बनला असं नाही. नाव-वर्ष काहीच नाही, पोट सपाट गुळगुळीत आणि जोडाची रेघ नखाला लागते, तर माल नकली. नकली म्हणून टाकून द्यावा असं मात्र माझं मत नाही. चांगल्या साच्यावरून उचललेली नक्कल असेल तर बांधा ठीक असतो आणि रंगकामाचा सराव करायला शंभर-दीडशेचा माल बरा. हजाराच्या पुढचं मॉडेल पहिल्याच खेपेला रंगवायला घेऊ नका.

घरात मुलं असतील तर आयएसआय चिन्ह बघा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. तीन वर्षांखालच्या लेकराच्या हाती टोकदार शिंगांचा चितळ देऊ नये, आणि घरी रंगवलेलं मॉडेल तर अजिबात नाही, ते थेट तोंडात जातं.

कुरिअर गावापर्यंत येत नसेल तर तालुक्याच्या ठिकाणच्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता द्या. डबा उघडताना सलग व्हिडिओ काढा. शिंग किंवा शेपटी तुटून आली तर परत पाठवताना त्याचा उपयोग होतो.

आणखी एक वाट आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. तान्ह्या पोळ्यासाठी आपल्याकडे लाकडी नंदी बनतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं ते सजवून मिरवतात. जो सुतार नंदीची मान आणि वशिंड बरोबर काढतो, त्याला बाजूनं आणि समोरून काढलेले फोटो दिले तर तो रोही किंवा गवाही काढून देऊ शकतो. पोळ्याच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा त्याला मान वर करायला सवड नसते. दिवाळीनंतर जा.

वाकडे पाय सरळ करणे

ही मॉडेलं मऊ पीव्हीसीची असतात. डब्यात दाबून आल्यावर किंवा उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत राहिल्यावर पाय फाकतात आणि वाघ एका बाजूला कलतो. उपाय सोपा आहे. पाणी चांगलं कडकडीत तापवा आणि खाली उतरवून उकळी बसू द्या. वाकडा पाय तेवढाच अर्धा ते एक मिनिट बुडवा. चिमट्यानं बाहेर काढा, कापडात धरून हवा तसा वळवा आणि तसाच धरून थंड पाण्याच्या बादलीत घाला. माठातलं पाणी असेल तर उत्तम. मिनिटभरानं सोडा. मग सपाट फरशीवर उभं करून बघा. चारही पाय टेकले नाहीत तर पुन्हा तेच करा. सगळ्या जनावराला एकदम उकळत्या पाण्यात घालू नका, कान आणि शेपटीचा आकार जातो. गॅसच्या ज्योतीवर किंवा चुलीजवळ धरायचा मोह टाळा.

रंगकाम: उदाहरण वाघाचं

आधी धुवा. भांडी घासायचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश. साच्यातून निघताना लागलेलं तेल राहिलं तर रंग सोलून निघतो. वाळल्यावर मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसा आणि त्यानंतर अंगाला बोटं लावू नका. पायाखाली दोन बाजूंची चिकटपट्टी लावून मॉडेल औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर उभं करा, म्हणजे बाटली धरून फिरवता येतं.

रंग ॲक्रिलिकच घ्या. दरवाज्याला लावायचा ऑइल पेंट मऊ पीव्हीसीवर कित्येक महिने चिकट राहतो, आणि डब्यातला स्प्रे प्रायमरही पुष्कळदा तेच करतो. फेविक्रिल किंवा कॅम्लिनचे ॲक्रिलिक रंग तालुक्याच्या स्टेशनरीत मिळतात. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, पांढरा आणि काळा, एवढ्या पाच नळ्यांत विदर्भातलं जवळजवळ सगळं जंगल रंगतं. ब्रश तीन: चार नंबरचा चपटा, शून्य नंबर आणि तीन शून्यांचा.

पहिला हात पांढऱ्यात किंचित ऑकर घालून, पाणी मिसळून, पातळ. एका जाड थरापेक्षा दोन-तीन पातळ थर. जाड रंगात केसांच्या रेघा बुजतात आणि वाघ गुळगुळीत होतो.

दुसरा हात अंगाचा. तीन भाग ऑकर, एक भाग सिएना. पाठीवर सिएना थोडं वाढवा, कुशीकडे येताना कमी करा. पोट, पायांच्या आतल्या बाजू, गाल, हनुवटी आणि डोळ्यांच्या वरचे दोन पट्टे पहिल्या हाताचेच ठेवा. निव्वळ पांढरा वापरलात तर चुना लावल्यागत दिसतो. दोन रंगांची सीमा ओली असतानाच ओलसर ब्रशनं पुसट करा.

वाळल्यावर अंबर भरपूर पाण्यात कालवून सगळ्या अंगावर सोडा. तो खोबणीत जाऊन बसतो. वर राहिलेला सुती चिंधीनं टिपून घ्या. मग अंगाच्या रंगात थोडा पांढरा मिसळा, चपट्या ब्रशला लावा, कागदावर पुसून ब्रश जवळजवळ कोरडा करा आणि केसांच्या दिशेनं वरवर फिरवा. उंच रेघा तेवढ्या उजळतात. इथे पहिल्यांदा प्लॅस्टिक दिसेनासं होतं.

आता पट्टे. इथे घाई करणारा फसतो. पट्ट्यांसाठी निव्वळ काळा घेऊ नका, काळ्यात चौथाई अंबर घाला. कण्यापासून खाली या. प्रत्येक पट्टा दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये जाड. काही पट्टे मध्येच दुभंगतात आणि पोटात केशरी फट ठेवून पुन्हा मिळतात, असे चार-पाच तरी काढा. खांद्यावर पट्टे विरळ, मांड्यांवर दाट, पुढच्या पायांच्या बाहेरच्या बाजूला जवळपास नाहीतच. शेपटीला कडी आणि टोक काळं. डावी आणि उजवी बाजू एकसारखी काढू नका. कुठल्याही खऱ्या वाघाच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, म्हणूनच व्याघ्रगणनेत कॅमेरा ट्रॅपचे फोटो दोन्ही कुशींचे घेतात आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखतात.

तेव्हा मनानं पट्टे काढण्यापेक्षा एखादा खरा वाघ समोर ठेवा. नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्यात आलेला आणि २०१६ मध्ये दिसेनासा झालेला जय, किंवा ताडोबाची माया, यांचे भरपूर फोटो निघालेले आहेत. एकाच वाघाची डावी आणि उजवी बाजू निवडा, मोबाइल शेजारी उभा करा आणि आधी खडूच्या पेन्सिलीनं फिकट खुणा करा. चुकलेला पट्टा ओला असेपर्यंत ओल्या कापसाच्या काडीनं निघतो. वाळल्यावर वरून अंगाचा रंग लावावा लागतो, तोही दोनदा.

डोळा शेवटी. पिवळसर ऑकर, मध्ये गोल काळी बाहुली, वरच्या कडेला टाचणीच्या टोकानं पांढरा बिंदू. नाक गुलाबी. कानामागे काळ्यावर पांढरा ठिपका. दोन दिवस वाळू द्या, मग पाण्यात मिसळणारं मॅट वॉर्निश ब्रशनं एक पातळ हात. डोळ्यांवर आणि नाकाच्या शेंड्यावर तेवढं चकचकीत वॉर्निश लावा.

मे महिन्यात दुपारी हे काम करू नका. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५च्या वर गेला की ॲक्रिलिक ब्रशवरच वाळतो. सकाळी आठच्या आत उरका. पावसाळ्यात दमट हवेत स्प्रेचं वॉर्निश पांढुरकं पडतं, म्हणूनही ब्रशचंच बरं.

गव्याचा उंचवटा कमी पडत असेल तर त्या जागी पॉलिशपेपर घासून एम-सील चढवा, ओल्या बोटानं आकार द्या, सुईनं केसांच्या रेघा ओढा, रात्रभर ठेवा आणि मग रंगवा. पायासारख्या वाकणाऱ्या भागावर एम-सील टिकत नाही, तिथे लावू नका.

मांडणी आणि फोटो

मॉडेलखाली सागाचं पान टाकलं की सगळा खेळ बिघडतो. एकास वीसच्या जगात हातभर सागाचं पान दोन-अडीच सेंटिमीटरच असायला हवं. चिंचेची वाळलेली पानं घ्या, ती या मापाला सागाची पानं म्हणून बरोबर खपतात. त्यापेक्षा बारीक पाचोळ्यासाठी बाभळीची पानं. माती पिठाच्या जुन्या चाळणीनं चाळून घ्या. बांबूच्या रांजीसाठी, म्हणजे बेटासाठी, गवताच्या काड्या. हे सगळं आपल्या धुऱ्यावर मिळतं, अभयारण्यातून काहीही उचलून आणू नका. सांबराचं गळून पडलेलं शिंग सापडलं तरी तिथेच राहू द्या. शिंग, नख, कातडं यांचा संबंध १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याशी येतो.

फोटोसाठी हिवाळ्यातली सकाळची तिरपी उन्हं सर्वांत चांगली. मोबाइल उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीलगत येते आणि वाघाच्या डोळ्याशी आपली नजर जुळते. मागे दोन-तीन फुटांवर वाळलेलं गवत ठेवा, ते धूसर होतं. दोनपट झूम करून थोडं लांबून काढा. अगदी जवळून काढला की नाक मोठं आणि मागचा भाग लहान दिसतो.

फोटो इतका चांगला आला की खराच वाटतो, तर जपा. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो तसाच टाकू नका. जिथे माणसं जीव मुठीत धरून मोह वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला जातात, तिथे 'धुऱ्यावर वाघ' असा फोटो फिरला तर शेतीची कामं बंद पडतील आणि वनरक्षकाची रात्र जाईल. फोटोत एका कोपऱ्यात काडेपेटी किंवा आपलं बोट दिसू द्या आणि खाली 'मॉडेल' असं लिहा.

जपणूक

उन्हापासून लांब, टिनाच्या छपराखाली नाही. कवेलूच्या घरात आतली खोली चालते. प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत बांधून ठेवलेलं पीव्हीसी काही वर्षांनी चिकट होतं, म्हणून सुती कापडात गुंडाळा आणि पत्र्याच्या पेटीत एकमेकांना न टेकतील असं ठेवा. कपड्यांच्या पेटीसारख्या डांबराच्या गोळ्या आत टाकू नका, त्यांच्या वाफेनं काही प्लॅस्टिक मऊ पडतं. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि उघडीप मिळाली की पेटी सावलीत उघडी करा. चिकट झालेलं मॉडेल साबणानं धुऊन वाळवलं तर बरेच दिवस ठीक राहतं.

एक वही करा. प्रत्येक मॉडेलसमोर प्राणी, नर की मादी, कंपनी, पोटावरचं वर्ष, खांद्याची उंची, किंमत आणि रंग बदलला असल्यास कोणता फोटो बघून रंगवलं, एवढं लिहा. पुढे विकायचं किंवा अदलाबदल करायचं झालं तर घरी रंगवलेलं मॉडेल मूळ रंगाचं म्हणून देऊ नका. घेणाऱ्याला वहीतलं ते पान दाखवा.